गोल बुडाचे वीस नट

माझ्या सासऱ्यांचा उजवा अंगठा बारा महिने निळा असतो. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काका, आज कुठं मतदान होतं?" आणि सासरे हमखास हसत नाहीत. बाजारात त्यांना शाईवाले म्हणतात. दुकानावर पाटी वेगळीच आहे, पण ती कुणी वाचत नाही.

आमचा धंदा चाकांचा. गाडीबरोबर आलेली साधी चाकं काढायची आणि मालकाला हौस असेल ती अलॉयची चकचकीत चाकं बसवायची. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हा नवरा जहाजावर, सहा महिने पाण्यात. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा दुकानाच्या काउंटरवर बसले, आणि चार वर्षांत पाना धरायला शिकले. तोंड मात्र आधीपासूनच चालायचं, ते शिकवावं लागलं नाही.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांचा नियम असा, की नवं चाक आलं की आधी एका नटाच्या बुडाला शिक्क्याच्या पॅडची शाई लावायची. नट चाकात बसवायचा, थोडा आवळायचा आणि परत काढायचा. चाकाच्या भोकात नट जिथं टेकला तिथं शाई उमटते. बोटभर रुंद नाही, पण चांगला पट्टा उमटला तर नट त्या चाकाचा. केसाएवढी रेघ उमटली तर नट परका, मग तो कितीही घट्ट बसलेला वाटो. "आटे गाडीचे, बैठक चाकाची," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. नटाच्या आतले आटे गाडीच्या बोल्टला जुळायला हवेत, ते सगळ्यांनाच कळतं, कारण नाहीतर नट फिरतच नाही. पण नटाचं बूड चाकाच्या भोकाला जुळायला हवं, ते मात्र फसवतं. बूड गोल असतं किंवा निमुळतं. गोल नट निमुळत्या भोकात बसतो, आवळला जातो, पाना टिक करून वाजतोही. आणि गाडी पन्नाससाठ किलोमीटर गेली की हळूहळू सैल व्हायला लागतो.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरीही शाई म्हणजे म्हातारपणीचं सोवळं असंच मी मानत होते. पाठ असणं आणि पटणं यात किती अंतर असतं ते मला त्या शनिवारी कळलं.

त्या शनिवारी नणंद आली. वयानं माझ्याहून लहान, पण मी ताईच म्हणते. ती मला वहिनी म्हणते आणि बाकी जे म्हणायचं ते डोळ्यांनी म्हणते. सासूबाई गेल्यापासून तिचं येणं वर्षातून दोनदा, तेही धावतपळत. या वेळी जावईबापूंनी लाल गाडीसाठी काळी अलॉयची चाकं मागवली होती, स्टेपनी धरून पाच, थेट दुकानाच्या पत्त्यावर. शुक्रवारी मुक्काम, शनिवारी सकाळी चाकं बसवायची आणि दोन मुलींना घेऊन घाटापलीकडे जावईबापूंच्या भावाकडे जायचं, असा बेत. बाबा पहाटेपासून अंगणात फेऱ्या मारत होते. लेक आली की या माणसाला दुकानही दिसत नाही आणि सूनही.

आठला गाडी जॅकवर चढवली. बाबांनी जुनी चाकं उतरवली. मला म्हणाले, "वीस नट काढ."

मी जुन्या चाकाचा एक नट उचलला, माप ताडून पाहिलं आणि कपाटातून तसेच्या तसे नवे वीस काढून दिले. गोल बुडाचे, कारण जुना गोल बुडाचा होता. नवं चाक माझ्यापासून तीन पावलांवर उभं होतं. त्याच्या भोकात डोकावून पाहायला मला वाकावं लागलं असतं, एवढंच. मी वाकले नाही.

बाबांनी पहिला नट बोटानं फिरवून लावला. जरा थांबले. मग म्हणाले, "शाईचा डबा आण गं."

"बाबा, प्लीज!" ताई दारातून ओरडली. "आता शाईचं नाटक नको. ऊन चढलं की धाकटी घाटात उलट्या करते. नट बसला ना? मग आवळा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, की म्हाताऱ्याला कुणीतरी आवरलं एकदाचं. बाबा पुन्हा चाकाकडे वळले आणि टिक, टिक, टिक, वीस नट आवळून मोकळे झाले. नव्या स्टेपनीला डिकीत जागा नव्हती, सामान मावेना, म्हणून ते पाचवं चाक दुकानातच ठेवलं आणि डिकीत जुनीच स्टेपनी राहू दिली. सव्वानऊला गाडी निघाली. थोरलीनं मागच्या काचेतून हात हलवला.

पावणेदहाला मी काउंटरवर चहा पीत होते. बाबा पाचव्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. नव्या नटांच्या खोक्यात चार नट उरले होते, त्यातला एक त्यांच्या हातात होता आणि शेजारी शाईचा डबा उघडा होता. त्यांनी नट भोकात दाबून फिरवला, काढला, आणि चाक उजेडाकडे वळवलं. पुन्हा वाकून भोकात पाहिलं, तेव्हा मी उठले.

काळ्या चाकाच्या निमुळत्या भोकात निळी रेघ होती. केसाएवढी.

कप कुठं ठेवला ते आजही आठवत नाही.

"फोन लाव," बाबा म्हणाले.

मी ताईला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिची सवय मला माहीत होती. प्रवासात बाबा दर दहा मिनिटांनी 'कुठं पोचलात' विचारतात म्हणून ती घरून निघालं की फोन मुका करून पर्समध्ये टाकते. जावईबापूंचा फोन लागतच नव्हता. तो नातीच्या हातात होता, कार्टूनमध्ये फोन येऊन व्यत्यय नको म्हणून नेटवर्क बंद करून दिलेला, हे आम्हाला नंतर समजलं. तेव्हा फक्त एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता. मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला.

बाबांनी कपाटातून निमुळते नट काढले. वीस मोजले, पुन्हा मोजले. जॅक, पाना, पिशवी. मी दुकानाची व्हॅन काढली. शटर ओढायचंही भान नव्हतं, समोरच्या शिंप्याला ओरडून सांगितलं, "दुकान बघा!" आणि गिअर टाकला.

आमची व्हॅन ऐंशीच्या पुढं गेली की दारं वाजायला लागतात. त्या दिवशी सगळा रस्ता दारं वाजत होती. घाट आमच्या दुकानापासून बासष्ट किलोमीटरवर. चढ सोपा आहे, उतार वाईट. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. मी मनात हिशोब करत होते. ते पाऊण तास पुढं. पोरं बरोबर आहेत, म्हणजे गाडी साठच्या वर नेणार नाहीत. म्हणजे घाटाच्या तोंडाशी पोचतील सव्वादहा-साडेदहाला. म्हणजे नट सैल व्हायची वेळ आणि उताराची वेळ एकच.

"एखादा सैल झाला तर आवाज येतो ना हो?" मी विचारलं.

"येतो."

"मग जावईबापू थांबतील."

"आत गाणी लावलेली असतात," बाबा म्हणाले.

मांडीवरची नटांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं, परत पाहवलं नाही.

रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी होती, अति घाई संकटात नेई. एरवी मी यावर दहा विनोद केले असते.

टोलनाक्यावर मी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "लाल गाडी, काळी नवी चाकं, मागं दोन मुली?"

"ताई, दिवसाला हजार गाड्या जातात."

"काळी चाकं! नवी कोरी!"

"हां, ती. झाली पंचवीस मिनिटं."

"पुढच्या नाक्यावर फोन करा, घाटाच्या आधी अडवा तिला. चाकं निघतील तिची."

तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. मी काय बोलले असते कुणास ठाऊक, पण तोवर बाबा उतरले होते. साहेबांच्या केबिनच्या काचेतून मला दिसत होतं. माझे सासरे, जे नगरसेवकाच्या गाडीलाही शाई लावल्याशिवाय चाक बसवत नाहीत आणि त्याच्यासमोर खुर्चीतून उठतही नाहीत, ते त्या माझ्याएवढ्या पोरासमोर हात जोडून उभे होते. साहेबांनी फोन उचलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला तेव्हा मी त्याला खिडकीतून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढचे तीस किलोमीटर मी प्रत्येक लाल गाडीकडे बघत होते. एका वळणावर लोक जमले होते, मी ब्रेक दाबला. टेम्पोतून भोपळे सांडले होते. बाबांनी सोडलेला श्वास मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

घाटाच्या पायथ्याच्या नाक्यावर एक पोरगी शिट्टी घेऊन रस्त्यातच उभी होती. आमच्या व्हॅनला तिनं हात केला.

"लाल गाडी?" मी विचारलं.

"तीच बघतेय मी, फोन आल्यापासून. आलीच नाही."

"आधी गेली असेल."

"नाही हो. मी सकाळपासून इथंच आहे. काळ्या चाकांची लाल गाडी गेलेली नाही."

मागच्या नाक्यावरून पुढं गेलेली गाडी पुढच्या नाक्यावर आलेली नाही. म्हणजे मधल्या तीस किलोमीटरमध्ये कुठंतरी आहे, आणि आम्ही ते सगळे तीस किलोमीटर नुकतेच डोळे फाडफाडून बघत आलो होतो. रस्त्यावर नव्हती. रस्त्यावर नाही तर कुठं, हा प्रश्न आम्ही दोघांनीही तोंडानं विचारला नाही.

"वळव," बाबा म्हणाले.

परतताना मी वीसच्या वेगानं चालवली. बाबा खिडकीबाहेर अर्धे झुकून रस्त्याच्या कडेचं गवत बघत होते, कुठं चाकाच्या खुणा उतरल्यात का. एका मोरीपाशी त्यांनी मला थांबवलं, खाली उतरून पाण्यात पाहून आले, मान हलवली. मी देवाला कधी काही मागत नाही, आमचं जमत नाही. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, ती मला जन्मभर टोमणे मारू दे, पण ती असू दे.

सात-आठ किलोमीटर मागं आलो असू. रस्त्याच्या खालच्या अंगाला चिंचांची दाटी होती आणि तिथं एक कच्ची वाट उतरत होती. जाताना ती दिसायचं कारणच नव्हतं, वाटेचं तोंड पाठमोरं होतं. झाडांमध्ये काहीतरी लाल होतं.

मी व्हॅन तशीच खाली घातली.

चटई अंथरलेली. जावईबापू आडवे, तोंडावर टोपी. थोरली दगड गोळा करत होती. ताई धाकटीचा फ्रॉक बाटलीतल्या पाण्यानं धूत होती. त्या गुणी पोरीनं घाटाची वाट न बघता सपाटीवरच उलटी केली होती. ताईनं वर पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"काय हो बाबा, इथपर्यंत? फोन उचलला नाही म्हणून?"

बाबा तिच्याकडे गेलेच नाहीत. ते सरळ गाडीपाशी गेले आणि पुढच्या डाव्या चाकाशी गुडघ्यांवर बसले. मी मागोमाग. पाच बोल्टांपैकी एक उघडा होता, नट नव्हताच. बाबांनी शेजारचा नट दोन बोटांत धरला आणि तो पान्याशिवाय फिरला. त्याच्या शेजारचाही फिरला.

जावईबापू डोळे चोळत आले. "स्टिअरिंग थोडं थरथरत होतं खरं. मला वाटलं, रस्ता खराब."

मग त्यांनी बाबांच्या बोटांत फिरणारा नट पाहिला आणि त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. ताईनं आधी नटाकडे पाहिलं, मग समोरच्या डोंगराकडे, मग पोरींकडे. धाकटीला तिनं एवढ्या जोरात उचललं की ती रडायला लागली.

"कुणी दिले हे नट?" ताईनं विचारलं.

"मी," मी म्हटलं. "जुन्या नटावरून दिले. नव्या चाकाचं भोक पाहिलं नाही. माझी चूक."

मग ताई बोलली. सासूबाई गेल्यापासूनचं सगळं बोलली. तुला दुकान म्हणजे खेळ वाटतो, बाबांचं वय बघून त्यांच्या डोक्यावर बसलीस, माझ्या पोरी मेल्या असत्या म्हणजे तुला कळलं असतं. जावईबापू "अगं, अगं" करत होते. मी ऐकून घेतलं. मी नाकावर माशी बसू देत नाही, पण त्या दिवशी एक शब्द परत केला नाही, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं. एवढंच वाटत होतं, की बाबांनी एकदा, फक्त एकदा, "पुरे" म्हणावं. बाबांनी मान वर केली नाही. ते एकेक चाक उतरवत होते, निमुळता नट लावत होते, काढून रेघ बघत होते, पुन्हा लावत होते. चारही चाकांना त्यांनी शाई केली. पाऊण तास लागला. ताईनं एकदाही घाई केली नाही.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. जावईबापू चाळीसनं चालवत होते. मग मी व्हॅन वळवली.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मला राहवेना. "बोला काहीतरी," मी म्हटलं. "शिव्या द्या. उद्यापासून काउंटरवरच बस म्हणा. पण असे गप्प राहू नका."

बाबा समोर बघत होते. "मला कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पहिला नट बोटानं लावला तेव्हाच. निमुळता असला की शेवटच्या आट्याला गच्च बसतो, आपोआप मध्यावर येतो. हा डुलला. चाळीस वर्षं नट लावतोय, बोटाला कळतंच. म्हणून तर शाई मागितली तुला." पुढं म्हणाले, "मग ती म्हणाली नाटक नको. म्हटलं, शाई केली तर नट बदलायचे, परत सगळं उतरवायचं, तास जाईल. ती रुसून जाईल. वर्षातून दोनदा येते. रुसली तर तेही नाही. म्हटलं, नव्या रंगाचा थर असेल, बसेल आवळल्यावर. असं मी मलाच सांगितलं. आणि आवळले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी व्हॅन कडेला घेतली, उतरले आणि दार आपटून चालायला लागले. मागच्या सीटवर दोन पोरी होत्या त्या गाडीत. बाबांच्या हाताला कळलं होतं, आणि ते मला ताईसमोर तासभर बोलणी खाऊ देत होते. मी रस्त्याच्या कडेनं किती चालले माहीत नाही. एका दगडावर बसले. शिव्या दिल्या, मोठ्यानं, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

परत आले तेव्हा ते जसेच्या तसे बसले होते. म्हणाले, "आज फोनवर सांगतो तिला. माझंच होतं म्हणून."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बायको नाही, मुलगा पाण्यात, आणि लेकीचा एक रुसवा त्याला मरणापेक्षा मोठा वाटलेला. राग गेला नव्हता. आजही पूर्ण गेलेला नाही. पण मी म्हटलं, "काही सांगू नका. मी नट दिले, ते खोटं नाही. तेवढं पुरे आहे तिला."

आता ताई महिन्याआड येते. वहिनीवर लक्ष ठेवायला येते, असं ती उघड सांगते. गाडीची हवासुद्धा मला बघू देत नाही. बाबांच्या हातानंच हवं. त्या निमित्तानं दोन दिवस राहते, पोरी दुकानात धुमाकूळ घालतात आणि बाबा आदल्या दिवसापासून अंगणात फेऱ्या मारतात.

गेल्या खेपेला दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. ताई त्यांना म्हणाली, "चाकं बाबांकडूनच बसवून घ्या हं. आमच्या वहिनीनं एकदा माझ्या पोरी मारल्याच होत्या."

बाबा गाडीखाली वाकले होते, ते सरळ झाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "अगं, त्या दिवशी खरं तर..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा," मी जोरात म्हटलं, "आधी जॅक खाली घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि त्यांनी जॅक खाली घेतला.